मिस व्हर्नेल, ती दुपार आपल्याकडे नाही

मिस व्हर्नेल,

तुमच्या चर्चमध्ये, तुमच्याच शवपेटीच्या वर लावलेल्या पडद्यावर तुम्ही रडत होतात. स्लो मोशनमध्ये. हातरुमाल डोळ्यांकडे जातो, चेहरा जरासा कलतो, मागे कुणीतरी चेलोचे सूर पिळतंय. तुमच्या भाच्याने इंटरनेटवरून उतरवून घेतलेली क्लिप होती ती. त्या बिचाऱ्याचा काय दोष? तुमचं नाव टाकलं की तेवढंच येतं. अख्खं चर्च हुंदके देत होतं आणि मी ओठ दाबून बसले होते, कारण मला उभं राहून ओरडायचं होतं, की अहो, त्या हसतायत! हसून हसून डोळ्यांत पाणी आलंय त्यांच्या. मी होते तिथे.

ओरडले नाही. तुमच्या माणसांच्या दुःखात माझा आरडाओरडा कशाला? पण आता लिहिते, आणि मराठीत लिहिते. इंग्रजीत तुमच्याबद्दल इतकं पोस्ट करून झालंय की त्या भाषेत माझ्यासाठी काही उरलं नाही. तुम्हाला मराठी येत नव्हती. ‘बस’ आणि ‘चहा’ एवढे दोन शब्द तुम्ही माझ्याकडून घेतलेत आणि आल्यागेल्या प्रत्येकावर वापरलेत. कॅमेरा घेऊन येणाऱ्यांवर तर जास्तच. त्यांना दार उघडण्यावरूनच आपलं भांडण होतं. ते मिटलेलं नाही.

तुमचा संग्रह म्हणजे तुमच्या बहिणीचं बंद पडलेलं ब्यूटी पार्लर. भिंतभर आरसे, केस वाळवायच्या घुमटवाल्या तीन खुर्च्या आणि जिथे पूर्वी शॅम्पूच्या बाटल्या असायच्या त्या शेल्फांवर लोकांच्या घरातली रिळं. लग्नं, बारशी, पिकनिक, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या हॅटवाल्या बायका. फ्रीवे बांधायला जी वस्ती पाडली, तिथल्या ब्लॅक कुटुंबांनी आपल्या हाताने काढलेल्या फिल्म. माझा नवरा अविनाश मॉरिसव्हिलहून रोज त्याच फ्रीवेवरून ऑफिसला जातो. इतकी वर्षं जात होता, खाली काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. संग्रहाच्या मागे ना युनिव्हर्सिटी, ना सरकार. शनिवारी तुम्ही मासे तळून विकायचात आणि त्यावर लाइटबिल भरायचात.

मी आले ती बाबांची रिळं घेऊन. बाबा म्हणजे माझे सासरे. नागपूरहून डॉक्टर होऊन अमेरिकेत आले तेव्हा या भागात त्यांना पहिली नोकरी दिली ती ब्लॅक लोकांच्या हॉस्पिटलने. बाकीच्यांनी दारातही उभं केलं नव्हतं. ही गोष्ट बाबा आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना फारशी सांगत नसत, कारण ती ऐकायला कुणाला आवडत नसे. मी तुमच्याकडे येऊ लागले तेव्हा मंडळातल्या एक काकू म्हणाल्या होत्याच, “त्या भागात जातेस? गाडी लॉक करत जा हं, बाई.”

बाबा गेल्यावर कपाट आवरताना रिळं सापडली. तुम्ही त्यातलं पहिलंच प्रोजेक्टरवर चढवलंत आणि आरशासमोरच्या चादरीवर नर्सेसची पिकनिक उमटली. कलिंगड खाणाऱ्या, एकमेकींना बिया मारणाऱ्या बायका. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. “ती पिवळ्या ड्रेसातली माझी आत्या,” म्हणालात. रीळ संपून पांढरा उजेड पडला तेव्हा म्हणालात, “तुझ्या सासऱ्यांनी आमच्या बायका हसताना पकडल्यात, मेडा. असं कुणी पकडत नाही. आमच्याकडे कॅमेरे येतात ते काहीतरी जळायला लागलं की.”

माझं नाव मेधा. ते तुमच्या जिभेवर मेडा झालं आणि मी ते होऊ दिलं. माझी नोकरी नुकतीच गेली होती, मुलगी कॉलेजला गेली होती. दर गुरुवारी मी तुमच्याकडे येऊ लागले. रिळं पुसायची, तुटलेली जोडायची, कॉम्प्युटरवर उतरवायची. एवढं तुम्हीच शिकवलंत.

तेव्हा डॉक्युमेंटरीवाल्यांचे फोन मीच घ्यायचे. आठवतं? फोन आला की तुम्ही हातातलं काम ठेवून ऐकायचात.

“तुमच्याकडे दंगलीचं फूटेज आहे का?”

“नाही.”

“पोलिस? आग?”

“लग्नं आहेत,” मी सांगायचे. “पिकनिक आहेत. एका गृहस्थांनी आपली नवी गाडी रविवारभर शूट केलीय.”

समोरचा माणूस थँक यू म्हणून फोन ठेवायचा. तुम्ही मान हलवून म्हणायचात, “पुन्हा करेल.” तुमचा हा विश्वास कुठून यायचा, मला कधीच कळलं नाही.

आणि मग टेरन्स आला, तोही डॉक्युमेंटरीवालाच. त्याला मी परका म्हणू शकत नाही, हेच तर दुखणं आहे. त्याची आजी त्याच पाडलेल्या वस्तीतली. न्यू यॉर्कला वाढलेला, हुशार, नम्र, तुम्हाला पहिल्या भेटीतच आंटी म्हणणारा. बाकीच्यांना क्लिप हव्या असायच्या, हा म्हणाला, “मला सगळं बघायचंय.” आणि बसला खरोखर. घुमटाच्या खुर्चीत बसून आठवडाभर रिळं पाहिली. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आधी आणि नंतर पाहिलेलं नाही. घरचा मुलगा घरी आल्यासारखं. तुम्ही त्याच्यासाठी शेल्फच्या शेल्फ खाली काढलीत. त्याच वस्तीतल्या मिस ओडेसांचं लग्नाचं रीळसुद्धा, जे त्यांनी तुमच्याशिवाय कुणाच्या हाती दिलं नव्हतं. हॉल लहान पडला म्हणून ज्यात वऱ्हाड रस्त्यावर नाचतं, ते.

मग ती दुपार. पार्लरमध्ये तुमची मुलाखत. कॅमेरा त्याचा, आणि तुमच्या चेहऱ्यावर उजेड टाकायला तो चंदेरी गोल पडदा धरून मी. काय बोललात तुम्ही त्या दिवशी! वस्ती वाचवायला लोक कसे नगरपालिकेत जाऊन बसले, हरले तेव्हा चर्चचा ऑर्गन माणसांनी खांद्यावरून कसा नेला, पाडापाडीच्या आदल्या दिवशी बायकांनी अंगणातली गुलाबाची रोपं कशी मुळासकट उपटून नेली. आणि मग निघाली ती पास्टरच्या हॅटची गोष्ट. तळ्यावर बाप्तिस्मा चालू, मिस जोसेफीन कमरेएवढ्या पाण्यात उभ्या, आणि वाऱ्याने पास्टरची नवी हॅट उडाली. पास्टर मिस जोसेफीनना तसंच सोडून हॅटमागे पोहत गेले. हॅट वाचली. आणि मिस जोसेफीन जन्मभर सांगत राहिल्या, “माझा उद्धार कमरेपर्यंतच झालाय, त्याच्या वरची जबाबदारी पास्टरची.” तुम्ही हसायला लागलात आणि थांबेनात. टेरन्स हसत होता. माझ्या हातातला पडदा हलत होता. तुम्ही हातरुमाल काढून डोळे पुसलेत.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती गावातल्या जुन्या थिएटरात. तुम्ही जांभळी हॅट घालून आलात. माझ्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मिस ओडेसा. पडद्यावर त्यांचं लग्न आलं, पण रंग काढून घेतलेलं, संथ केलेलं. नाचणारी नवरी पाण्याखाली हलल्यासारखी हलत होती. मग एकदम बुलडोझर. मग तुम्ही, डोळे पुसताना. खाली लिहिलं होतं: वस्तीतील रहिवासी. ऑर्गन नाही, गुलाब नाहीत, तळं नाही. तुमचा आवाजसुद्धा नाही.

मिस ओडेसा माझ्याकडे वाकून कुजबुजल्या, “हे माझंच लग्न ना? मग कोण मेलंय?”



लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. टेरन्सने तुम्हाला स्टेजवर बोलावलं, हातात माइक दिला. मला वाटलं, आता. आता तुम्ही बोलणार. तुम्ही त्याच्या गालावर हात ठेवलात आणि म्हणालात, “घरी आलास, बरं वाटलं.” आणि खाली उतरलात.

गाडीत मी तुमच्याशी जे भांडले ते आमच्या घरात कुणाशी भांडले नाही.

“तुम्ही का नाही बोललात?”

“काय करायला हवं होतं? स्टेजवर त्याचा कान धरायचा?”

“हो! धरायचा!”

“कान धरला असता तर तो परत आला नसता, मेडा.”

“तो तसाही येणार नाही.”

“येईल.”

आला नाही. त्या दुपारचं संपूर्ण शूटिंग संग्रहाला देईन, असं त्याने कबूल केलं होतं. तुम्ही दोनदा आठवण करून दिलीत, मी कितीदा दिली ते सांगत नाही. आधी उत्तरं यायची, मग फक्त हार्टची चिन्हं, मग तीही बंद. फिल्म मात्र देशभर फिरली. तुमचा हातरुमालवाला चेहरा पोस्टरवर चढला. ग्रोसरीत अनोळखी बायका तुमचा हात हातात घेऊन ‘सो सॉरी’ म्हणायला लागल्या आणि तुम्ही हातात कोबी धरून त्यांचं सांत्वन करायचात. नवे डॉक्युमेंटरीवाले फोन करायचे तेव्हा विचारायचे, “ती रडणारी बाई तुमच्याकडेच असते ना? आम्हाला फूटेज शुक्रवारपर्यंत हवंय. क्रेडिट देऊ.” सगळ्यांचं एकच.

मी म्हणाले, दार बंद करा. तुम्ही ऐकलं नाहीत. फक्त एक अट घातलीत: ज्याला रीळ हवंय त्याने ते ज्यांच्या घरचं आहे त्यांच्यासोबत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं. बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळायचा. एक वयस्क जोडपं तेवढं आलं, चर्चच्या हॅटांवर फिल्म करणारं. ते बसले, पाहिलं, कच्ची फिल्म तयार झाल्यावर आधी आपल्याला दाखवायला आणली, आणि मिस ओडेसांच्या सांगण्यावरून दोन ठिकाणी बदललीही. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू खटला जिंकलात. मी म्हणाले, एक आंबा गोड निघाला म्हणून सगळी पाटी गोड होत नाही. तुम्ही म्हणालात, “डब्यात ठेवलेली फिल्म म्हणजे पुरलेला माणूस. तिला उजेड लागतो. उजेड घेऊन कोण येतंय ते निवडायची चैन आपल्याला कधी मिळाली?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नसलं म्हणजे पटलं असं होत नाही.

शेवटच्या दिवसांत मी तुमच्याकडे एक हट्ट धरला. तुम्ही रिक्लायनरमध्ये, गुडघ्यांवर बाबांच्या रिळातल्या नर्सेसचा फोटो. मी फोन पुढे केला आणि म्हणाले, “फक्त एवढं बोला, की त्या दिवशी मी हसत होते. मी रेकॉर्ड करते. आपल्याकडे राहील.”

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, “मी फक्त हसत होते, असं तुला कुणी सांगितलं?”

“मी होते तिथे.”

“होतीस. पण माझ्याकडे बघत होतीस, की त्या चंदेरी पडद्याकडे?”

मी चिडले, मिस व्हर्नेल. मला वाटलं तुम्ही मरतानाही त्यालाच पाठीशी घालताय. मी फोन पर्समध्ये टाकला, नर्स आली, मी निघाले. पुढच्या गुरुवारी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे होतात. मी तुमचे पाय चेपले. आमच्याकडे तसं करतात. तुम्हाला कळलं की नाही, माहीत नाही.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, तिथे टेरन्स भेटला. केस पिकलेत त्याचे. त्याने मला मिठी मारली, डोळे खरोखर ओले होते. मग म्हणाला, तुमच्यावर छोटी श्रद्धांजली करायची आहे, तुमचे तरुणपणचे फोटो हवेत.

“ती दुपार दे,” मी म्हणाले. “अख्खी. मग फोटो.”

“ते फूटेज कंपनीकडे आहे. कंपनी विकली गेली. माझ्याकडे एक कॉपी आहे, पण कायद्याने ती मी कुणाला देऊ शकत नाही.”

“दाखवू शकतोस? मग फोटो देते.”

“दाखवू शकतो.”

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन पार्लरमध्ये आला. मी मिस ओडेसांना बोलावलं होतं. तिघं तुमच्या खुर्च्यांत बसलो. तुम्ही बोलायला लागलात आणि मिस ओडेसांनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. ऑर्गन आला. गुलाब आले. तळं आलं, हॅट उडाली, मिस ओडेसा मोठ्याने हसल्या, लॅपटॉपमधल्या तुम्ही हसलात, हातरुमाल काढलात, डोळे पुसलेत. मी टेरन्सकडे बघितलं. बघ, म्हणून.

कॅमेरा चालूच होता. कोपऱ्यात मी दिसत होते, पाठमोरी, पडद्याची घडी घालताना. ते चंदेरी कापड काही केल्या पिशवीत मावत नव्हतं, त्याच्याशी झटत होते. तुमचं हसू ओठांवर होतं, विरत होतं. मग हळूच, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणालात, “जोसेफीनचं घर कुठे होतं, ते आता मला बोटाने दाखवतासुद्धा येणार नाही.” आणि पुन्हा हातरुमाल वर गेला. पोस्टरवरचा हातरुमाल तो हा, दुसऱ्यांदा वर गेलेला.

म्हणजे तुम्ही रडत होतात. बरोबर होतात तुम्ही. पण म्हणून मी शांत झाले असं समजू नका. हे तुम्ही मला इतक्या वर्षांत एकदा सांगू शकला असतात. मी तुमच्या हसण्याची वकिली करत देशभरातल्या लोकांशी फोनवर भांडत होते आणि तुम्ही चहा ढवळत ऐकत होतात.

आणि त्याचं काय? त्याने हसूही कापलं आणि ते वाक्यही. नुसतं डोळ्यांतलं पाणी ठेवलं.

“आधीचं का कापलंस?” मी विचारलं.

तो खोटं बोलला नाही, हे सांगायला हवं. लॅपटॉपकडे बघत म्हणाला, “लांब होत होतं.”

मिस ओडेसा म्हणाल्या, “बाळा, ही दुपार इथे ठेवून जा.”

“मॅम, माझ्या हातात असतं तर...” त्याने पुन्हा कंपनीचं, वकिलांचं सांगितलं. नक्की प्रयत्न करतो म्हणाला. कदाचित करेलही. मी कबूल केल्याप्रमाणे फोटो दिले. त्याची फ्लाइट होती. त्याने लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, दोघींना मिठी मारली आणि गेला. ज्या खोलीत सगळ्या वस्तीचं हसणं शेल्फावर लावून ठेवलंय, तिथे तुम्ही नाही आहात, मिस व्हर्नेल. तुम्ही नेहमी प्रोजेक्टरच्या मागे उभ्या. तुमचं चालतंबोलतं रीळ कुणी काढलंच नाही. मीसुद्धा नाही. एकदाच निघालं, आणि ते एका गृहस्थाच्या पाठीवर बसून एअरपोर्टला गेलं.

मला वाटलं मिस ओडेसाही आता उठतील. त्या बसून राहिल्या. आरशात स्वतःकडे बघत हॅट सारखी केली आणि म्हणाल्या, “माझं लग्न कुठे ठेवलंय?”

मी शेल्फ दाखवलं.

“काढ. घरी नेते.”

“मिस ओडेसा, घरी उकाड्याने खराब होईल ते. इथे मी आहे ना. तुमच्या परवानगीशिवाय कुणाच्या हाती देणार नाही.”

“तू चांगली आहेस, बेबी,” त्या म्हणाल्या. “पण मी ते व्हर्नेलकडे ठेवलं होतं.”

तुम्ही असतात तर त्यांना पुन्हा खाली बसवलं असतंत. चहा टाकला असतात, पास्टरच्या हॅटची गोष्ट काढली असतीत, आणि संध्याकाळपर्यंत रीळ परत शेल्फावर गेलं असतं. मला ते जमत नाही. खरं सांगायचं तर जमवावंसंही वाटलं नाही. मी डबा काढला, फडक्याने पुसला, कागदात गुंडाळला आणि त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन दिला. त्यांनी तो शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला बेल्ट लावला आणि मला हात न करताच गाडी सुरू केली.